चोवीस मिनिटांची बाजू

प्रिय सोन्या,

हे नाव तुझी आई घ्यायची. मी तुला कायम पूर्ण नावानं हाक मारली, आणि तीही बहुतेक वेळा तुझं काहीतरी चुकलं की. आज कागदावर लिहून बघतोय, हाताला जमतंय का ते. पत्ता आईच्या वहीतून घेतला. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच फेकून दिलंस, तर मला तक्रार करायला तोंड नाही. एकोणीस वर्षं आपण धड बोललेलो नाही. तू हे शेवटपर्यंत वाचावंस, एवढंच मला हवं आहे. पुढचं तुझं तू ठरव.

आधी घरची खबरबात. तुझी आई जाऊन आठ महिने झाले. मी अजून आठवड्यातले तीन दिवस चष्म्याच्या कारखान्यात जातो. काचा आता यंत्रच घासतं, मी फक्त तयार काच उजेडात धरून बघतो आणि नाक मुरडतो. नवीन मुली मला घाबरतात असं ऐकतो. केसाच्या जाडीएवढा फरक मला नुसत्या डोळ्यांना दिसतो, ही माझी जुनी फुशारकी तुला पाठ असेलच. ती फुशारकी लक्षात ठेव. पुढे तिचीच फजिती आहे.

स्वयंपाक मी करतो. करतो म्हणजे गॅस पेटवतो आणि जे होईल ते खातो. आईच्या कपाटाला अजून हात लावलेला नाही. रविवारची बैठक मात्र चालू आहे. दहाच्या ठोक्याला शिंपीकाका, भूगोलाचे सर आणि बेकरीवाले अण्णा येतात. सरांना आता एका दमात जिना चढवत नाही, टेकायला त्यांना मधल्या वळणावर खुर्ची ठेवलेली असते. चहा होतो, मी तबकडी पुसतो, सुई ठेवतो, आणि मग कुणी बोलायचं नाही. बोललेलं मला खपत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार!

तबकड्यांचं ते यंत्र आपल्याकडे कसं आलं, हे तुला कधी नीट सांगितलं नव्हतं. तुझ्या जन्माच्याही आधी वरच्या मजल्यावर एक जहाजावरचा इंजिनिअर राहायचा. त्याच्या वाचायच्या चष्म्यासाठी मी तीनदा काच बदलून दिली होती, कारण त्याची मान वाकडी होती आणि ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. घर सोडून जाताना तो यंत्र माझ्याकडे ठेवून गेला. परदेशातलं, लाकडी खोक्यातलं, सोबत विजेचा दाब कमी करणारा ट्रान्सफॉर्मर. तो ट्रान्सफॉर्मर मधमाश्या कोंडल्यासारखा गुणगुणायचा. आणि सोबत अकरा तबकड्या, सगळ्या एकाच कंडक्टरच्या, म्हणजे वाद्यवृंद चालवणाऱ्याच्या. शेजारच्या काकू कितीतरी दिवस आईला विचारायच्या, ‘बसचा कंडक्टर एवढं वाजवतो कधी?’

मला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण पहिल्याच रविवारी लाल कव्हरची तबकडी लावली आणि मी जागेवरून उठू शकलो नाही. तुला तो संथ भाग आठवतो का? सुरुवातीला काहीच नसतं. मग खालच्या पट्टीतली तंतुवाद्यं सुरू होतात, जडशी, खोलीतलं मोठं कपाट दोघांनी मिळून सरकवावं तशी. त्याच्याही आधी एक श्वास ऐकू येतो. तो कंडक्टरचा श्वास. काठी उचलण्याआधी त्यानं घेतलेला. मी त्या श्वासावर भाळलो. इतका लांब, इतका थकलेला श्वास! मी आईला म्हटलं, हा माणूस म्हातारा आहे, यानं सगळं बघितलंय, याला कसलीही घाई नाही. तेव्हापासून आपल्या घरात त्याचं नाव ‘म्हातारा’ पडलं. कव्हरवर त्याचा फोटो नव्हता, त्यामुळे माझ्या मनात पांढऱ्या केसांचा, जरा पोक आलेला, मितभाषी असा एक माणूस तयार झाला. खरं सांगू? माझ्या वडिलांपेक्षा मी त्याचं जास्त ऐकलं.

रेडिओवर तीच सुरावट दुसऱ्या कुणाची लागली की मला हसू यायचं. काय ती धावपळ, काय तो किरटा आवाज! एकदा तर खुद्द म्हाताऱ्याचंच ध्वनिमुद्रण लावल्याची घोषणा झाली, आणि तेही तसंच धावत सुटलं. मी आईला ठणकावून सांगितलं की बातम्यांच्या आधी संपवायचं म्हणून हे लोक काहीतरी कारभार करतात. ती काही बोलली नाही. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बावीस वर्षं नोकरी केलेली बाई, नुसत्या ‘हॅलो’वरून माणसाला सर्दी झाली आहे की तो रडून आला आहे हे ओळखायची. ती गप्प बसली, याचा अर्थ मला तेव्हा लागायला हवा होता.

निळ्या कव्हरची शेवटची बाजू आठवते? तीत एक गाणारा आवाज येतो, भरदार, खर्जातला. मी बैठकीत व्याख्यान दिलं होतं की इतर सगळे तिथे बाईचा गळा घेतात, पण आपल्या म्हाताऱ्यानं मुद्दाम पुरुष घेतला, कारण दुःख पुरुषाच्या घशात अडकतं. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कव्हरच्या मागे एका बाईचा फोटो होता, तो त्याच्या बायकोचा असावा असं मी ठोकून दिलं. इंग्रजी कुणालाच धड वाचता येत नव्हतं, हे एक बरं होतं. मग मी एका त्रैमासिकात लेख लिहिला, ‘संथपणाचं धैर्य’. सगळं जग पळत असताना एक माणूस थांबून ऐकायला शिकवतो, वगैरे वगैरे. त्या लेखाची कात्रणं मी इतकी वाटली की आई म्हणायची, अजून काही उरली असतील तर खिडकीच्या काचा पुसायला देता का?

आता दवाखान्यातलं सांगतो, कारण तिथे तू नव्हतास. म्हणजे होतास, पण मला ठाऊक नव्हतं. शेवटच्या दोन महिन्यांत आई दिवसभर कानात ते वायरवाले बोळे घालून पडलेली असायची. मला वाटायचं, जुनी गाणी ऐकते. खिडकीबाहेर गाड्या लावायची जागा, समोर भिंतीवर घड्याळ, आणि चादरीवर तिचं एक बोट वरखाली होत असायचं. एका दुपारी मी त्या बोटाकडे बघत राहिलो आणि एकदम ओळखलं, अरे, ही तर लाल कव्हरची तबकडी! मी एक कान मागितला. तिनं जरा विचार केला, फोनवर काहीतरी दाबलं आणि दिला. सोन्या, काय सांगू तुला! अगदी आपल्या घरातल्यासारखं. तोच जडपणा, तोच लांब श्वास. मी खूष होऊन म्हटलं, बघ, नवीन यंत्रावरसुद्धा आपला म्हातारा तसाच आहे की नाही! तर ती इतकी हसली की तिला ठसका लागला, नर्स धावत आली, आणि मला बाहेर काढलं. तिचं ते शेवटचं खळखळून हसणं. त्याचा अर्थ मला ती गेल्यावर पाच महिन्यांनी कळला.

तिचा फोन मी बंद करून कपाटावर ठेवला होता. जूनमध्ये एकदा फारच जड गेलं, तेव्हा काढला आणि बोळे कानात घातले. तुझा आणि तिचा पत्रव्यवहार मी वाचला. दुसऱ्याचं वाचू नये हे मला कळतं, पण वाचला. तू तिला दोन गठ्ठे पाठवले होतेस. एकावर लिहिलं होतं ‘खरं’ आणि दुसऱ्यावर ‘घरचं’. मी आधी ‘खरं’ दाबलं.

मला वाटलं, फोन बिघडला. तीच सुरावट, पण उजळ, चपळ, पायात बळ असलेली. मोठं कपाट सरकवणं वगैरे काही नाही. माणसं उठून चालायला लागतात तसं काहीतरी. निळ्या कव्हरच्या शेवटी बाई गात होती. सरळ सरळ बाई. आणि तो श्वास! तो थकलेला नव्हताच. एखाद्यानं उडी मारण्याआधी घ्यावा तसा छोटा, आतुर श्वास. तू आईसाठी खाली माहिती लिहिली होतीस, की हे मुद्रण झालं तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. चौतीस! मी जन्मभर एका तरण्याताठ्या माणसाला म्हातारा म्हणत आलो, आणि त्याच्या म्हातारपणावर लेख लिहिला.

दुसऱ्या दिवशी बाजारामागच्या गल्लीत जो मोटारी गुंडाळून देतो, त्याला घरी आणलं. त्यानं तबकडीच्या कडेला खडूची खूण केली, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत फेरे मोजले आणि मला विचारलं, ‘काका, हे पहिल्यापासून असंच आहे?’ मिनिटाला तेहतीस फेरे हवेत, तर अठ्ठावीससुद्धा भरत नव्हते. तो म्हणाला, हे यंत्र ज्या देशातलं आहे तिथल्या विजेचे ठोके सेकंदाला साठ, आपल्याकडे पन्नास. तुमचा ट्रान्सफॉर्मर दाब बदलतो, ठोके बदलत नाही. मोटर ठोक्यांवर चालते. एवढं साधं. मोटरवरची एक चकती बदलली की झालं, म्हणाला. मी त्याला चहा पाजला आणि म्हटलं, सांगतो. अजून सांगितलेलं नाही.

तो गेल्यावर मी लाल कव्हर घेऊन बसलो. मागे बारीक अक्षरात छापलेलं आहे, दुसरी बाजू, चोवीस मिनिटं. आणि मग ज्या रविवारात मी एकोणीस वर्षं पाऊल टाकलं नव्हतं, त्या रविवारात जावंच लागलं.

तू पंधरा वर्षांचा होतास. शाळेच्या मैदानावरचं धावण्याच्या शर्यतीचं घड्याळ तू मागून आणलं होतंस. तिघेही बसले होते. बाजू संपली, सगळे नेहमीप्रमाणे सुस्कारा सोडून स्तब्ध होते, आणि तू कोपऱ्यातून म्हणालास, ‘बाबा, आपलं यंत्र हळू चालतं. एकोणतीस मिनिटं लागली. कव्हरवर चोवीस लिहिलंय. मी तीन रविवार मोजलंय.’ तुझ्या आवाजात टोमणा नव्हता. आता मला स्पष्ट ऐकू येतं की तू आनंदानं सांगत होतास, शोध लागल्यासारखा. तुला वाटलं, मी खूष होईन. मी, जो केसाएवढ्या फरकासाठी काच परत पाठवतो! मी उठलो आणि तुझ्या कानाखाली वाजवली. घड्याळ खाली पडून त्याची काच फुटली. तेवढ्यावर भागलं नाही. मी तुला तिघांसमोर उभं केलं आणि म्हण म्हटलं, ‘मी खोटं बोललो.’ तू म्हणाला नाहीस. गाल लाल झालेला, डोळे भरलेले, पण तू म्हणाला नाहीस. मी तुला म्हणालो, मग या खोलीत पुन्हा येऊ नकोस. तू शब्द पाळलास. अठरा पूर्ण होईपर्यंत घरात राहिलास, पण रविवारी त्या खोलीचा उंबरा ओलांडला नाहीस, आणि मग घरच सोडलंस. आवाजाच्याच कामात गेलास, हे मला आईकडून कळलं. तेव्हाही मी म्हटलं होतं, जा म्हणावं, लोकांची मिनिटं मोजत बस.

राग कसला आला होता, याचा मी या तीन महिन्यांत पुष्कळ विचार केला. तू खोटं बोलतोस असं मला वाटलं नव्हतं, सोन्या. मनात कुठेतरी चर्र झालं होतं. कव्हरवरचे ते आकडे मीही पाहिले होते. छापणाऱ्याची चूक, असं म्हणून मी ते बाजूला सारले होते, कारण मी फक्त सातवीपर्यंत शिकलेला काचा घासणारा माणूस, आणि त्या एका खोलीत रविवारचे दोन तास मी कुणीतरी होतो. तू ते काढून घेतोयस असं मला वाटलं. पोटच्या पोरावर मी त्यासाठी हात उचलला.

आणि तुझं ‘घरचं’. त्याच्याशी मी अजून झगडतोय. आईनं तुला लिहिलं होतं, ‘खरं छान आहे रे, पण त्यात तुझे बाबा नाहीत. घरी लागतं तसं पाठव.’ आणि तू, ज्यानं त्या मंद चालीसाठी मार खाल्ला होता, तू बसून सगळ्या अकरा तबकड्या हिशेबानं मंद केल्यास. तीन दिवस लागले असं लिहिलंयस. ट्रान्सफॉर्मरची गुणगुणसुद्धा खाली घातलीस. मी दवाखान्यात ज्याचं कौतुक करत होतो ते तुझ्या हातचं होतं. मला ते ओळखता आलं नाही. मला काहीच ओळखता आलेलं नाही, असं आता वाटतं.

आई गेली त्या दिवशी तू आला होतास. गाडीतून उतरून जिन्याखाली उभा होतास, हातात बॅग. मी वरून तुला बघितलं. तुझे केस मागे गेलेत, तू चष्मा लावतोस, हे त्या अर्ध्या मिनिटात दिसलं. चष्मा नाकावर किंचित डावीकडे कलला होता, तोही दिसला. खाली यावं आणि तुला जवळ घ्यावं, हेच मनात होतं. तोंडातून मात्र निघालं, ‘आता काय, वेळ मोजायला आलास?’ बॅग उचललीस आणि गेलास. आईला न बघता गेलास. त्या वाक्याला माफी नाही. मला ते रोज ऐकू येतं, आणि ते काही हळू चालत नाही.

गेल्या रविवारी मी तबकडी लावली नाही. तिघे बसले, चहा झाला, आणि मी उभा राहिलो. मी म्हटलं, मला काही सांगायचं आहे, मध्ये बोलू नका. मग सगळं सांगितलं. साठ ठोके, पन्नास ठोके, अठ्ठावीस फेरे, गाणारी बाई, चौतीस वर्षांचा म्हातारा. मला वाटलं, आता हे उठून जातील, किंवा हसतील तरी. कुणी हललं नाही. शेवटी शिंपीकाका खाली बघत म्हणाले, ‘आम्हाला ठाऊक होतं हो. तुमच्या पोरानं सांगितलं त्याच दिवशी कळलं. मी घरी जाऊन रेडिओशी ताडूनही पाहिलं.’ वहिनींनी, म्हणजे तुझ्या आईनं, त्या संध्याकाळी प्रत्येकाच्या घरी जाऊन हात जोडले होते, की यांना कुणी काही बोलू नका, यांच्याजवळ दुसरं काही नाही. सर म्हणाले, ‘आम्ही तुमच्यासाठी येत होतो. संगीत काय, हळू काय नि जलद काय.’ अण्णा नुसते रडत होते. एकोणीस वर्षं ही माणसं माझा शब्द झेलत बसली, आणि तुझी आई रोज माझ्याकडे बघून रोज गप्प राहिली. तुझी बाजू खरी आहे हे तिला ठाऊक होतं, तरी तिनं तुला जाऊ दिलं आणि मला सांभाळलं. तिनं हे कसं सोसलं असेल, ते मला विचारता येणार नाही. तिचा राग करावा की पाय धरावेत, हे मला कळत नाही. बहुतेक दोन्ही.

मग मी त्यांच्यासमोर ते म्हटलं, ज्यासाठी उभा राहिलो होतो. म्हटलं, माझा मुलगा खरं बोलत होता. मी त्याला मारलं. मी खोटा होतो. तुला ज्या जागी उभं केलं होतं, खिडकी आणि कपाटाच्या मधे, तिथेच उभं राहून म्हटलं. तुला चारचौघांत मारलं होतं, तेव्हा माफीही चारचौघांत मागायची असं मी ठरवलं होतं, आणि मागितली. सर उठून माझ्यापाशी आले, काकांनी खांद्यावर हात ठेवला, झालं गेलं विसरा म्हणाले. सगळ्यांनी मला माफ केलं, सोन्या. खोली भरलेली होती, आणि ज्याची मागायची तोच तिथे नव्हता. म्हणून हे पत्र. सगळ्यांनी मला सांभाळून घेतलं. खरं फक्त तू सांगितलंस, आणि मी हात फक्त तुझ्यावर उचलला. मला क्षमा कर.

तुझाच,
बाबा